जिमचा खरा निकाल पांडवलेणी उतरताना लागतो

वय चव्वेचाळीस, नाशिकला अंबडच्या कंपनीत अकाउंट्सचं काम म्हणजे दिवसभर खुर्ची, राहायला पाथर्डी फाट्याजवळ, आणि उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरणारा. हे आधी सांगितलं कारण पंचविशीतल्या मुलाला यातलं अर्धं लागू पडणार नाही. गेल्या हिवाळ्यापासून जिम, घरी डंबेल्स आणि पांडवलेणीच्या डोंगराच्या पायऱ्या हे तिन्ही आलटून पालटून चालू आहे, मधे उन्हाळा पावसाळा दोन्ही जाऊन आता परत स्वेटर बाहेर निघालेत, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

सुरुवात डोंगरापासून करते कारण तो फुकट आहे. पांडवलेणीला सकाळी उजाडताना गेलात तर वेगळंच नाशिक भेटतं. सत्तरीचे काका कानटोपी घालून आपल्याला मागे टाकून वर जातात, वर जाऊन गप्पा मारतात आणि आपण धापा टाकत पोचलो की "काय ताई, आज उशीर?" विचारतात. पायऱ्या उंच आहेत, सगळ्या सारख्या नाहीत, दम लागतो, पण दम महिन्याभरात सुधारतो, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. पहिल्यांदा दर वळणावर कंबरेवर हात ठेवून हायवे बघण्याचं नाटक करायचे, नंतर बोलत बोलत चढायला लागले. रविवारी उशिरा गेले तर तिकीट काढून लेणीही बघते. चोवीस लेणी आहेत, आणि तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे ज्यात तिने आपल्या मुलाचं म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक केलंय, तेही इतकं सविस्तर की आपल्या सासूबाईंनी वाचलं तर म्हणतील बरोबरच आहे.

पण उतरताना काय? तिथेच सगळी गोम आहे. चढताना हृदय आणि फुप्फुसं कामाला लागतात, उतरताना मांडीचा पुढचा स्नायू. तो लांब होत असतानाच आपलं वजन तोलून धरतो, म्हणजे गाडीच्या ब्रेकचं काम. ब्रेक कच्चा असला की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. नवशिक्याचे पाय खाली येताना लटपटतात आणि खरं दुखणं त्या दिवशी नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, ऑफिसच्या खुर्चीतून उठताना आई गं होतं. मला फिजिओथेरपिस्टने स्पष्ट सांगितलं की गुडघा खराब नाहीये, मांड्या आणि कुल्ले कमजोर आहेत, नुसतं चालून ते होणार नाही, वजन उचला. म्हणून जिम.

जिमबद्दल माझी तक्रारींची यादी मोठी आहे. गाणी इतकी मोठ्याने की ट्रेनर काय सांगतोय ते ओठ वाचून कळतं. संध्याकाळी सात ते नऊ लेग प्रेसला (पायांनी वजन ढकलायचं मशीन) नंबर लावायचा आणि आधीचे वीर सगळ्या प्लेट्स तशाच ठेवून जाणार, आपला अर्धा व्यायाम त्या उतरवण्यातच. जानेवारीत पाय ठेवायला जागा नाही, मार्चमध्ये तीच जिम रिकामी. पहिल्या आठवड्यातच पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज आणि प्रोटीनचा डबा दोन्ही गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, मी म्हटलं दादा आधी मला स्क्वॅट (उठाबशा) नीट शिकव मग बघू. ट्रेडमिलवर कॅलरीचा आकडा दिसतो त्यावर विश्वास ठेवू नका, तो अंदाज असतो आणि बऱ्याचदा चढाच असतो. अजून एक, आत पळताना हवेचा विरोध नसतो म्हणून बाहेरच्या सपाट रस्त्याशी जुळवायला एक टक्का चढ ठेवतात, पण ते वेगात पळणाऱ्यांसाठी, आपण चालणाऱ्यांनी फार डोकं लावू नये.

एवढं सगळं असूनही जिममध्ये जे मिळालं ते डोंगरावर मिळालं नसतं. तिथे वजन मोजून वाढवता येतं. डोंगर तोच, पायऱ्या त्याच, शरीर सवयीचं झालं की पुढची वाढ थांबते. जिममध्ये रिकाम्या हाताने स्क्वॅट, मग छोटे डंबेल, मग बार, असं दर काही आठवड्यांनी थोडं थोडं वाढवलं. सगळ्यात कामाचा व्यायाम दिसायला एकदम बावळट आहे: एका ठोकळ्यावर उभं राहायचं आणि एक पाय हळूऽहळू खाली जमिनीला टेकवायचा, परत वर. स्टेप डाऊन म्हणतात. बाजूचे लोक शंभर किलो उचलताना आपण ठोकळ्यावरून उतरतोय, पण उन्हाळा सुरू व्हायच्या आत पांडवलेणी उतरताना कठड्याचा आधार सुटला आणि गुडघ्याची कुरकुर जवळजवळ बंद. वजनकाट्यावर फारसं काही हललं नाही हेही सांगते, तो वेगळा विषय आहे आणि त्यात मिसळीचा वाटा आहे.

आमच्याकडे यावर घरात चर्चा झाली. नवरोबांचं म्हणणं, धावपटू कविता राऊत सावरपाड्याची, आदिवासी पाड्यावर वाढलेली, २०१० ला कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी एशियन गेम्समध्ये सिल्व्हर, ती काय एसी जिममध्ये तयार झाली का? ऐकायला भारी वाटतं. पण तिच्यामागे प्रशिक्षक होता, वर्षानुवर्षांचं ट्रेनिंग होतं, आणि लहानपणापासूनची डोंगरातली पायपीट होती. आपण लहानपणापासून रिक्षाने शाळेत गेलोय. तिचं उदाहरण देऊन जिम टाळणं म्हणजे सोयीचं तेवढं उचलणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या गाइडलाइनमधलं आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम हे सगळ्यांना पाठ असतं, त्याच्या पुढचं वाक्य कोणी वाचत नाही, की शिवाय आठवड्यात निदान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. बायकांनी तर हे वाक्य फ्रीजवर चिकटवावं, कारण पाळी जायच्या सुमारास हाडांची घनता भराभर उतरते आणि तिथे नुसतं चालणं कमी पडतं.

आता घरचं. घरी व्यायाम स्वस्त, वेळ वाचतो, कोणी बघत नाही. आणि होत नाही! मॅट पसरली की दूधवाला, मग घंटागाडीची गाणी सुरू, मग सासूबाई "फरशी पुसून घे गं, तेवढाच व्यायाम." सिमेंट भरलेले प्लास्टिकचे डंबेल्स घेऊ नका, एकदा पडले की चीर जाते आणि आतला भुगा गळत राहतो, थोडे जास्त पैसे गेले तरी लोखंडी प्लेट्सवाला सेट घ्या म्हणजे वजन वाढवता येतं. रबरी बँड मात्र पैसा वसूल, प्रवासालाही नेता येतो. माझ्यासाठी घर म्हणजे बुडालेल्या दिवसाची भरपाई, मुख्य कार्यक्रम नाही. ज्यांच्याकडे दार लावून घ्यायला वेगळी खोली आहे त्यांचा अनुभव वेगळा असेल.

बाहेरच्या व्यायामाचं सगळे फार गोड वर्णन करतात म्हणून थोडं कडू पण लिहिते. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, जून ते सप्टेंबर मी डोंगर जवळजवळ बंद ठेवला, गोदाकाठचा ट्रॅक पूर आला की पाण्यात. एप्रिल-मे मध्ये आठनंतर कातळ तापतो. थंडीत पहाटे हवा शुद्ध असते हा गैरसमज आहे, गार हवा खाली बसते आणि शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर तिच्यातच अडकतो, त्यात सध्या सिंहस्थाच्या कामांची धूळ. थोडं ऊन वर आल्यावर गेलेलं बरं. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळतं हे पण तसंच, आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर लागणारे किरण फारसे पोचत नाहीत.

आणि बाईमाणसाला अंधारात एकटीने जाता येत नाही, हे पुरुषांच्या लक्षातच येत नाही. बिबट्याची बातमी आपल्याकडे दर हिवाळ्यात असतेच, पण खरं सांगू का, बिबट्यापेक्षा बाइकवरून दोनदा चक्कर मारणाऱ्यांची धास्ती जास्त. म्हणून आम्ही सोसायटीतल्या चौघी मिळून जातो, एक जरी नाही आली तरी बेत बदलून गोल्फ क्लबला, म्हणजे कान्हेरे मैदानाच्या ट्रॅकवर. तिथे गर्दी असते, दिवे असतात, पण सगळं सपाट. मन मोकळं होतं, गप्पा होतात, मांड्यांना काही कळत नाही. आणि बाहेर पडलं की मिसळ, पापड, वर जिलेबी, म्हणजे जमा-खर्च बरोबर.

पैशाचं बोलायचं तर मी वर्षाचे चौदा हजार भरले. या वेळी तसं करणार नाही. जूनपासून चार महिने पूर्ण जिम, आणि बाकीच्या वर्षात डोंगर जास्त आणि जिम आठवड्यातून दोनदा फक्त पायांसाठी आणि पाठीसाठी, असा हिशोब आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणतो तीन-तीन महिन्यांचं घेतलं तर महाग पडेल, पडू दे, पण मेंबरशिप मधे थांबवायची सोय आहे का हे लेखी विचारतेय, तोंडी सगळे हो म्हणतात. तुम्ही नवीन घेत असाल तर हे विचाराच, शिवाय एक दिवस तुमच्या खऱ्या वेळेला जाऊन बघा, दुपारी दाखवायला नेतात तेव्हा सगळ्या जिम रिकाम्या आणि चकचकीत असतात. आणि स्टेप डाऊनसाठी साधा लाकडी ठोकळा आहे का तेवढं बघून घ्या, आमच्याकडे एकच आहे आणि त्यावर कोणीतरी बाटली ठेवलेली असते.