नर्मदा परिक्रमेत वापरलेली ८ बाय ४२ दुर्बीण: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी वजन सांगतो, कारण पायी परिक्रमेला निघणारा प्रत्येकजण पहिलं तेच विचारतो. पट्टा आणि कव्हर सोडून ७०० ग्रॅमच्या आसपास. जिथे लोक टूथब्रशचा दांडा कापून वजन वाचवतात तिथे हा गडी दुर्बीण घेऊन निघालाय म्हणल्यावर ओंकारेश्वरला संकल्प सोडला त्याच दिवशी एका अनुभवी काकांनी सांगून टाकलं, "पहिल्या पोस्टातनं घरी पार्सल कराल बघा." नाही केली. एक स्वेटर केला, दुसरी चादर केली, पण ही शेवटपर्यंत गळ्यात होती.

किंमत बारा हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, एकच साचा वेगवेगळे शिक्के मारून विकला जातो त्यामुळे नावापेक्षा आत काय आहे ते बघा. रूफ प्रिझम (म्हणजे सरळ नळ्यांची), प्रिझमला बॅक-४ ही चांगल्या प्रतीची काच, आत बाष्प धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ, आणि जवळचा फोकस साधारण दोन मीटर. हे शेवटचं कुणी बघत नाही, मी पण घेताना फार बघितलं नव्हतं, पण त्याचं पुढे सांगतो.

१० बाय ४२ का नाही घेतली असं पक्षी बघणारे मित्र विचारतात (पहिला आकडा किती पट दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). दिवसभर वीस-पंचवीस किलोमीटर चालून आल्यावर हात थरथरतात हो, आणि दहा पटीत ती थरथर पण दहा पट होते. शिवाय ४२ ला ८ ने भागलं की ५.२५, म्हणजे डोळ्यात उतरणारा प्रकाशाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा, १० पटीत तोच ४.२ होतो. परिक्रमेत बघण्यासारखं सगळं पहाटे उजाडताना नाहीतर दिवेलागणीला असतं, तेव्हा हा फरक कळतो. दुपारी दोन्ही सारख्याच. खरंतर मार्च लागला की सकाळी दहानंतर वाळू अशी तापते की पलीकडचा काठ नुसता उकळताना दिसतो, मग कितीही महागाची आणा, काही उपयोग नाही, झाडाखाली पडून रहायचं.

टिकली का? टिकली. शूलपाणी झाडीत, म्हणजे काठच्या डोंगराळ जंगलात, शिरण्याआधी सगळ्यांनी सांगितलं होतं की सॅकच्या तळाशी लपव, पूर्वी तिथे परिक्रमावासींना अंगावरच्या लंगोटीपर्यंत लुटायचे, पण आता तसं काही राहिलेलं नाही, उलट तिथल्याच पोरांनी आलटून पालटून डोळ्याला लावून समोरच्या डोंगरावरची आपापली घरं शोधली. नंतर नर्मदा समुद्राला मिळते तिथे नावेने पलीकडच्या काठावरच्या मिठीतलाईला जाईपर्यंत खारं पाणी उडालं, उतरल्या उतरल्या गोड्या पाण्याने धुतली. भेडाघाटला धुवांधार धबधब्याच्या तुषारांनी अंघोळच झाली तिची, आत थेंबभर ओल नाही. मंडला-दिंडोरीच्या थंडीत मात्र फोकसचं चाक जाम व्हायचं, आतलं ग्रीस घट्ट होतं, सकाळी पाच मिनिटं शालीखाली धरून बसायला लागायचं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. परिक्रमा संपायला दोनेक आठवडे राहिले असताना मन्या, शिल्पावहिनी आणि दिग्या मला भेटायला नर्मदापुरमला आले, म्हणजे जुनं होशंगाबाद. इटारसीला उतरले आणि तिथून रिक्षाने. मी बांद्राभानला तवा ओलांडून आलो होतो (उपनदी ओलांडलेली चालते, मैया, म्हणजे नर्मदा, ओलांडायची नाही), पाय सुजलेले, दाढी छातीवर, वहिनींनी पहिल्यांदा ओळखलंच नाही, नर्मदे हर म्हणून दहाची नोट काढायला लागल्या.

मन्याने येतानाच यादी केली होती. भीमबेटका (खडकांवरची प्राचीन चित्रं), पचमढी (थंड हवेचं ठिकाण), सलकनपूर (देवीचं देऊळ). मी म्हणलं यातलं एकही मला जमणार नाही. भीमबेटका आणि सलकनपूर पलीकडच्या काठाला, आणि मैया उजव्या हाताला ठेवून चालायचं, पूल दिसला तरी पाय टाकायचा नाही. पचमढी याच बाजूला आहे पण पायी परिक्रमेत गाडीत बसायचं नाही. "अरे मग आम्ही एवढ्या लांबनं आलो कशाला?" हे दिग्या. त्याचं पण बरोबर आहे म्हणा.

मग आम्ही आदमगढला गेलो, तिथे पण खडकांवर तशीच जुनी चित्रं आहेत. गावातच आहे, इटारसी रस्त्याला, आणि भीमबेटका गाजल्यामुळे इथे कुणी फिरकत नाही. ते तिघं ई-रिक्षात आणि मी शेजारून चालत, रिक्षावाला बिचारा माझ्या चालीने चालवत होता आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होता, बाबाजी बैठ जाओ, मैया कुछ नहीं कहेगी.

दुर्बिणीचे पैसे तिथे वसूल झाले. खडकाच्या छताखाली चित्रं आहेत, पुढे कठडा, आणि बरीचशी डोक्याच्या वर. नुसत्या डोळ्याला लालसर डाग दिसतात आणि माणूस पाच मिनिटात "बघून झालं" म्हणून निघतो. आम्ही चौघं एका जागेवर तासभर होतो. दुर्बिणीतून दिसतं की एका घोडेस्वाराच्या खालून आणखी जुन्या आकृतीची रेघ निघालीये, म्हणजे जुन्या चित्रावर नवं काढलंय, पांढऱ्याखाली गेरू, आणि गेरूचा रंग दगडाच्या बारीक खळग्यात साचून तिथे जास्त गडद झालाय. हत्ती आहे, बैल आहेत, एका लांब मानेच्या प्राण्याला तिथे जिराफ म्हणतात, त्यावर दिग्या आणि वहिनींचं जे जुंपलं ते जेवेपर्यंत. जवळचा फोकस दोन मीटरचा असल्याचा फायदा हा, माझी जुनी दुर्बीण पाच-सहा मीटरच्या आतलं काही दाखवायचीच नाही. आणि सावलीत ४२ ची भिंगं कामाला आली. मन्याचा शंभर पट झूमवाला फोन होता, त्यात चित्राचा नुसता चिखल येत होता, दोनदा प्रयत्न करून त्याने गुपचूप खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांना टॅक्सी करून दिली आणि भीमबेटक्याला पाठवलं. जावंच. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे जात होते, खिडकीतून हे खडक दिसले आणि इथे चित्रं असणार अशी त्यांना शंका आली, मग माणूस उतरून तिथे गेलाच. जन्म मध्य प्रदेशातल्या नीमचचा पण घर मराठी, आणि आपल्याकडे शाळेत त्यांचं नाव पण सांगत नाहीत हे मला पटत नाही. २००३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. एवढं सगळं मी त्यांना टॅक्सीच्या खिडकीतून सांगितलं आणि स्वतः सेठानी घाटावर जाऊन बसलो.

वाईट वाटलं का, थोडं वाटलं. पण सकाळ फुकट गेली नाही. वाळूच्या बेटावर नदीसुरय होते, पिवळी चोच लाल पाय, सूर मारून मासा घेऊन वर येताना पाणी झटकतात ते स्पष्ट दिसतं. परत जायला उशीर झालेली चक्रवाकांची एक जोडी होती. वाळू भरणारे ट्रॅक्टर आले की सगळे उठायचे आणि परत बसायचे.

संध्याकाळी परत येताना ते तिघं मुद्दाम पलीकडे बुधनीच्या घाटावर थांबले आणि मला फोन केला, आम्ही दिसतोय का. आठ पटीत आठशे मीटरवरचा माणूस शंभर मीटरवर असल्यासारखा दिसतो, एवढा साधा हिशोब आहे. दिसले की! बुधनीची लाकडी रंगीत खेळणी प्रसिद्ध आहेत, वहिनींच्या हातात तिथला भोवरा होता, हिरवा-लाल, आणि मन्या तिसरा की चौथा समोसा खात होता. फोनवर म्हणलं, "मन्या, चटणी सांडली शर्टवर." त्याने आधी शर्टकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग एक शिवी दिली. ती ऐकू आली फोनमध्ये, पण दुर्बिणीत ओठ आधी हलले.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, डायॉप्टरची रिंग फार सैल आहे. उजव्या डोळ्याच्या नंबरासाठी ती एकदा लावून ठेवायची असते: उजवं भिंग झाकायचं, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला फोकस करायचा, मग डावं झाकून रिंग फिरवून उजवा जुळवायचा, की झालं, पुढे फक्त मधलं चाक. पण चौघांच्या हातातून फिरली की दरवेळी रिंग हललेली, आणि मग जो तो म्हणणार तुझी दुर्बीण बिघडलीये. शेवटी चिकटपट्टी लावली. दुसरी, डावीकडचा डोळ्याचा रबरी कप धुळीने ढिला पडलाय, वर खेचलेला रहात नाही. वहिनींना चष्मा आहे, त्यांना कप खालीच लागतात त्यामुळे त्यांना कळलं नाही, मला रोज कळतं. पुढच्या भिंगांची एक टोपी गुजरातमध्येच कुठेतरी पडली. उन्हाने वरचं रबर किंचित चिकट झालंय. आणि सोबत मिळणारा पट्टा टाकून द्या, मान धरते, त्याऐवजी खांद्यावरून येणारा हार्नेस घ्या, सॅकच्या पट्ट्यांखालून नीट बसतो आणि चालताना छातीवर आपटत नाही.

वाळूतून वापरणार असाल तर भिंगं सदऱ्याच्या टोकाने कधीच पुसू नका, आधी ब्लोअरने कण उडवायचे आणि मग कापड, नाहीतर कोटिंगवर ओरखडे ठरलेले. आतलं नायट्रोजन आतल्या बाजूचं बघतं, बाहेरून काचेला बुरशी लागायला आपला कोकणातला एक पावसाळा पुरे. मी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो, रंग बदलला की जेल कढईत मंद आचेवर परतून परत वापरात.

दिग्याने भरतपूरच्या पक्षी अभयारण्यासाठी उसनी मागितलीये. ने म्हणलं, चिकटपट्टी काढायची नाही.