खासदार म्हणून कोण सरस: चिकोडीचे शंकरानंद की बेळगावचे सुरेश अंगडी?

कारकीर्द मोजायची तर बी. शंकरानंद पुढे. 1967 ते 1991 चिकोडीतून लोकसभेचे सलग सात विजय, केंद्रात आरोग्य, पेट्रोलियमसारखी खाती, बोफोर्स चौकशीच्या संसदीय समितीचं अध्यक्षपद. अंगडी 2004 पासून चार वेळा निवडून आले. 2019 ला रेल्वे राज्यमंत्री झाले आणि 23 सप्टेंबर 2020 ला कोरोनाने गेले.

तरी माझं मन अंगडींकडे झुकतं. कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड रेल्वेचा पाठपुरावा त्यांनी केला. बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटचं फाटक पडलं, दुचाक्या दाटीवाटीने थांबल्या की त्यांचीच आठवण निघते. सीमाप्रश्नावर मात्र आम्हा मराठी माणसांना दोघांकडूनही न्याय मिळाला नाही. ती सल आजही आहे.