परभणी, जिंतूर रोड: बिनपाटीचं डेंटिंग-पेंटिंग गॅरेज आणि माझी २०११ ची वॅगन आर

आधी पैशाचं सांगतो, कारण सगळ्यांना तेच पाहिजे असतं. कंपनीच्या वर्कशॉपनं एस्टिमेट दिलं ३४,८०० रुपयांचं. जिंतूर रोडच्या उस्तादनं काम केलं ११,५०० मध्ये. माझ्या गाडीचे आज कोणी लाखभर रुपये मोजले तर मी चावीसोबत पेढेही देईन. तिला पस्तीस हजार लावायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

झालं असं की मानवत रोडच्या पुढं, कल्याण-निर्मल महामार्गावर, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता. मी ओलांडायला आणि मागची ट्रॉली झोल खायला एकच गाठ पडली. डाव्या बाजूचं मागचं दार आत दबलं, पुढच्या दारावर हातभर ओरखडा, मागच्या चाकावरचा पत्रा चुरगळला. ट्रॅक्टरवाला तर थांबलाच नाही. थांबला असता तरी त्याच्या थर्ड पार्टी विम्यावर (समोरच्याचं नुकसान भरून देणाऱ्या) दावा लावायचा तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जावं लागतं, आणि दहा-बारा हजारांसाठी त्या पायऱ्या कोण चढतो.

“तुमचा तर विम्याचाच धंदा, क्लेम का नाही केला?” हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. बाबांनो, माझ्या गाडीला मी ठरवून फक्त थर्ड पार्टी घेतो. हजार सीसीच्या आतली गाडी, मूळ हप्ता २,०९४. फुल्ल इन्शुरन्समध्ये दहा वर्षांपुढच्या गाडीच्या पत्र्याच्या पार्टवर निम्मी कपात, प्लास्टिक-रबरावर निम्मी, रंगाच्या मटेरियलवर निम्मी, वर हजाराची सक्तीची वजावट. हातात काय येतं ते मी गिऱ्हाइकांच्या फायलीत रोज बघतो. नव्या गाडीला जरूर घ्या, माझ्याकडूनच घ्या.

आता गॅरेज. पाटी नाही. जिंतूर रोडनं शहराबाहेर निघालं की ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यांची ओळ लागते, तिच्या शेवटी लिंबाखाली बिनचाकाची जुनी व्हॅन उभी दिसेल. तेच. व्हॅनच्या आत सामान, बाहेर काम.

त्याआधी गावात दोन-तीन ठिकाणी दाखवून आलो होतो. एकजण म्हणाला सात हजारात संध्याकाळपर्यंत देतो. संध्याकाळपर्यंत म्हणजे काय ते कळतं हो. दाबलेल्या पत्र्यात थापीनं लांबी (म्हणजे पुट्टी) भरायची, घासायची, वरून रंग मारायचा. फोटोत झकास दिसतं. पहिल्या उन्हाळ्यात भेगा आणि पहिल्या पावसाळ्यात फोड. आपल्याकडं मे महिन्यात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. पत्रा तापून प्रसरण पावतो आणि बोटभर जाड लांबी त्याच्याबरोबर हलत नाही.

उस्तादनं आधी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि गाडीभर फिरवलं. पुढच्या डाव्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, ते चिकटेना. आधीच्या मालकानं तिथं लांबी थापलेली. मी गाडी सेकंडहँड घेतलेली, मला पत्ताच नव्हता. मग म्हणाला, “साहेब, फेंडरला हात लावू नका, पैसे वाया जातेत. दार बदलायचं पण काम नाही. जुन्या बाजारातलं आणाल तर खालून कुजलेलं निघंल. तुमचं दबलंय, कुजलं नाही. खरं काम खाली हाय.” आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक रनिंग बोर्डला, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीला, लावलं तर ते आरपार गेलं.

अख्ख्या एस्टिमेटमध्ये या रनिंग बोर्डचा उल्लेख नव्हता. गंजाचं कारण काळी माती. चाकाच्या खोबणीत आणि रनिंग बोर्डाच्या आत चिखल जाऊन बसतो, पाणी निघायची भोकं बुजतात, वरून सुकलं तरी आतून ओल राहते. शेताच्या रस्त्यानं गाडी नेणाऱ्यांनी पावसाळा संपला की खालून प्रेशरनं धुवून घ्यावी आणि दारांच्या खालच्या कडेची भोकं तारेनं मोकळी करावीत. फुकटचं काम आहे.

पत्र्याचं काम मी बसून पाहिलं. दाराचं आतलं पॅड काढलं, आतून लोखंडी ठोकळा धरला आणि बाहेरून हातोडी. मोठा दणका एकही नाही, कडेकडेनं टकटक. मधला भाग ताणला गेला होता, बोटानं दाबला की आत-बाहेर वाजायचा. तिथं गॅसनं चवलीएवढा ठिपका लाल करायचा आणि ओलं फडकं दाबायचं, म्हणजे पत्रा आकसतो. असे ठिपके घेत घेत दार शांत झालं. ही कला लांबीवाल्या पोरांकडं राहिली नाही.

रनिंग बोर्डाचा कुजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला आणि २० गेजच्या सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्याचा तुकडा वाकवून वेल्डिंग केलं. त्याआधी मागचं सीट बाहेर, गालिचा बाहेर, बॅटरीची वायर काढलेली आणि आत ओलं पोतं. या गाडीची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते. तुम्ही कुठंही काम करा, एवढं होतंय का हे उभं राहून बघा.

लांबी उस्तादनंही लावलीच, त्याशिवाय पत्रा सपाट होत नाही. पण लावायच्या आधी मला फोन करून बोलावलं आणि उघडा पत्रा दाखवला. नंतर त्यानं दुरुस्त केलेल्या भागावर चुंबक फिरवलं तर सगळीकडं चिकटलं. लाकडी गुटक्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासणं, मग प्रायमर, मग पुन्हा घासणं. डोळे मिटून तळहात फिरवतो आणि कुठं खड्डा आहे ते सांगतो.

रंगाला त्यानं दोन भाव सांगितले, एनसी (नायट्रोसेल्युलोज) आणि पीयू (पॉलियुरेथेन). एनसी स्वस्त आणि पटकन वाळतो, पण आपल्या उन्हात चमक लवकर जाते. पीयूला हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) लागतो आणि दीड हजार जास्त. मी पीयू घेतला, वरच्या ११,५०० मध्ये तो धरलाय. माझी गाडी साधी पांढरी, त्यात सिल्व्हरसारखी मेटॅलिकची भानगड नाही, तरी पंधरा वर्षांत पांढऱ्याचा दुधी झालेला. कंपनीच्या कोडचा पांढरा मारला असता तर दोन दारं वेगळी उठून दिसली असती. म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून रंगाच्या दुकानात नेलं आणि त्यावरून थेंबथेंब पिवळा-काळा टाकून मॅच करून आणला.

आता तक्रारी, त्याही आहेत.

वेळ. “पुढच्या आठवड्यात घेऊन जा” या वाक्यावर विश्वास ठेवू नका. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांचा उरूस लागला आणि पोरं गायब. गाडी प्रायमरवरच राखाडी होऊन उभी. मी तितके दिवस मोटारसायकलवर फिरलो.

धूळ. रंगाची खोली नाही. पहाटे जमिनीवर पाणी मारून, वारा सुटायच्या आत गन मारतात. तरी मागच्या दारावर कण बसले होते. २००० नंबरचा पेपर आणि रबिंगनं बरेच गेले, उजेडात निरखून बघितलं तर एखादा सापडतो.

आणि एक गोष्ट मला खरंच आवडली नाही. गन मारणारं पोरगं तोंडाला नुसता रुमाल बांधून होतं. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडतो आणि रुमाल त्याला अडवत नाही. मी उस्तादला बोललो तर हसला, “मी तीस वर्षं असंच मारलं.” बोलताना खोकत होता. चांगला फिल्टरचा मास्क घ्यायला काय लागतं?

बिल मिळत नाही, वहीच्या पानावर आकडा मिळतो. ज्यांना क्लेम करायचाय त्यांनी इकडं येऊच नये.

मी हे सगळं आत्ताच का केलं, तर पंधरा वर्षं भरतायत आणि आर.सी. पुढच्या पाच वर्षांसाठी नवी करायची आहे. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० चं ५,००० झालंय, वर हरित कर. तपासणीला कुजक्या रनिंग बोर्डाची गाडी नेऊन एवढे पैसे भरायची माझी तयारी नव्हती.

अपघाताची जुनी गाडी असेल, मेटॅलिक रंग नसेल आणि घाई नसेल तर डोळे झाकून जा. मेटॅलिक असेल तर रंगापुरतं दुसरीकडं बघा, पत्रा मात्र इथंच. शुक्रवारी दुपारी बंद असतं. अर्धे पैसे आधी, अर्धे गाडी उन्हात बघून झाल्यावर. सावलीत ताबा घेऊ नका, लिंबाखाली सगळेच पांढरे सारखे दिसतात.

मागचा बंपर चिरलेला तसाच आहे. आतून जाळी लावून चिकटवायचे आठशे सांगितलेत, तेवढे आर.सी. झाल्यावर.