ट्युमर बोर्ड : पाच डॉक्टर, एक कागद

आत्याच्या उजव्या स्तनात साधारण ३ सेंटीमीटरची गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला, आणि पुढचे पंधरा दिवस आम्ही नुसती फाईल घेऊन फिरलो. एक सर्जन म्हणाले सोमवारी ऑपरेशन करून टाकू, दुसरीकडचे डॉक्टर म्हणाले आधी किमो, तिसऱ्यांनी रिपोर्ट धड उघडलासुद्धा नाही. प्रत्येकाची फी हजार-बाराशे, आणि घरी आल्यावर कोणाचं ऐकायचं यावरून रोज वादावादी.

मग ओळखीतल्या सिस्टरनी पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या ट्युमर बोर्डबद्दल सांगितलं. आठवड्यातून एकदा सर्जन, किमोवाले, रेडिएशनवाले, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात. ८०० रुपये, तेही एकदाच. फक्त रिपोर्ट देऊन भागत नाही हं, बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे) दोन दिवस आधी जमा करावे लागतात, ते जुन्या लॅबकडून मिळवताना बरीच धावपळ झाली.

पण गुंता सुटला तो त्या स्लाइडमुळेच. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी त्या स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितल्या, म्हणाल्या हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन, ते जास्त असेल तर त्यावरचं वेगळं औषध देतात) २+ आहे, म्हणजे पॉझिटिव्हही म्हणता येत नाही आणि निगेटिव्हही नाही, फिश टेस्ट (हर-टूच्या जनुकाची तपासणी) केल्याशिवाय काही ठरवायचं नाही. हे आम्हाला तोवर कोणीच बोललं नव्हतं! टेस्टचे पैसे वेगळे गेले, पण ती पॉझिटिव्ह आली आणि ट्रीटमेंटच बदलली. तिथल्या सर्जनचंही मत आधी ऑपरेशनचंच होतं, रेडिओलॉजिस्टनी काखेतली गाठ दाखवल्यावर तेही तयार झाले. आधी किमो आणि ट्रास्टुझुमॅब (हर-टूवरचं औषध), गाठ लहान झाली की ऑपरेशन, म्हणजे कदाचित पूर्ण स्तन काढावा लागणार नाही.

तक्रार एकच, नातेवाइकांना आत घेत नाहीत, नंतर एक डॉक्टर दहा मिनिटांत सगळं समजावतात आणि कागद इंग्रजीत, आत्याला मीच वाचून दाखवला. मराठीत द्यायलाच हवा.

पुण्या-मुंबईपासून लांब असाल तर टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधलं (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) जवळचं हॉस्पिटल कोणतं ते बघा, ग्रिडचे ऑनलाइन ट्युमर बोर्डही होतात. ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच विचारा, आमची जवळजवळ घेऊन झाली होती.

आत्याचे दोन किमो झालेत. पाच सह्यांचा तो कागद तिने देवघरात ठेवलाय.