नॅशव्हिलच्या ‘मीट अँड थ्री’ खानावळी: काही महिने जेवल्यानंतर

अमेरिकेच्या दक्षिणेत शाकाहारी माणसाची उपासमार होते, हे इथे यायच्या आधी मला अनेकांनी सांगितलं होतं. कामानिमित्त टेनेसीत राहून, नॅशव्हिल ते चॅटनूगा आणि खाली जॉर्जियात अटलांटापर्यंत गाडीने सतत ये-जा करून माझं मत बरोबर उलटं झालंय. इथल्या जुन्या खानावळींत खरी चव भाज्यांचीच असते. फक्त त्या कशात शिजवल्यात हे विचारता आलं पाहिजे.

‘मीट अँड थ्री’ म्हणजे एक मांसाहारी पदार्थ, तीन भाज्या आणि कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव. बहुतेक ठिकाणी ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. काचेपलीकडे वाफेवर ठेवलेली स्टीलची भांडी असतात. वाढणाऱ्या बाई तुम्हाला सरळ ‘बेबी’ किंवा ‘हनी’ म्हणत काय हवं ते विचारतात. मांसाहारी पदार्थ वारांप्रमाणे बदलतो, शुक्रवारी बऱ्याच जागी कॅटफिश. मीटलोफ आणि कंट्री फ्राइड स्टेक हे बीफचे असतात, ते न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मांसच नको असेल तर ‘व्हेजिटेबल प्लेट’ मागायची, म्हणजे चार भाज्या मिळतात. हा काही खास आपल्यासाठी केलेला प्रकार नाही, शेजारच्या टेबलावरचे स्थानिक आजी-आजोबाही तेच खात असतात. मॅकरोनी अँड चीजसुद्धा इथे भाज्यांच्याच यादीत सापडतं.

मी बहुतेक वेळा टर्निप ग्रीन्स, चवळी आणि तळलेली भेंडी घेतो. टर्निप ग्रीन्स म्हणजे सलगमचा पाला, अगदी मऊ होईपर्यंत शिजवलेला, किंचित कडसर. टेबलावर एक अरुंद तोंडाची बाटली असते, तिच्यात व्हिनेगरमध्ये मुरलेल्या बारक्या मिरच्या. त्यातलं व्हिनेगर पाल्यावर शिंपडलं की चव एकदम उघडते. वाटीच्या तळाशी हिरवट रस उरतो, त्याला ‘पॉट लिकर’ म्हणतात. कॉर्नब्रेडचा तुकडा त्यात बुडवून खायचा. तो रस टाकून देऊ नका, अख्ख्या जेवणातला तो सगळ्यात चांगला घास असतो. कॉर्नब्रेड मक्याचं पीठ आणि ताकाचा, बिडाच्या तव्यात भाजलेला असला तर कडा खरपूस निघतात. साखर घातलेला, केकसारखा मिळाला तर माझा विरस होतो. भेंडीचे काप मक्याच्या पिठात घोळवून तळतात, तार अजिबात राहत नाही.

ही भेंडी आणि चवळी आफ्रिकेतून, गुलामांच्या व्यापाराबरोबर इथे आली. हे जेवण घडवण्यात कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींचा वाटा फार मोठा, आणि तरी शहरातल्या दुकानांमधल्या लंच काउंटरवर त्यांच्याच मुलांना बसून खायची मनाई होती. १९६० च्या फेब्रुवारीत नॅशव्हिलचे विद्यार्थी त्या काउंटरवर जाऊन बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. १० मे १९६० ला तिथल्या काही काउंटरवर पहिल्यांदा कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना वाढलं गेलं. हे कळल्यापासून मी ट्रे घेऊन रांगेत उभा असलो की ते हटकून आठवतं. १९५४ पासून चालणाऱ्या ‘स्वेट्स’मध्ये म्हणूनच एकदा तरी जा. एका कृष्णवर्णीय कुटुंबाने ती खानावळ सुरू केली. ‘आर्नोल्ड्स कंट्री किचन’ही नावाजलेलं, २००९ मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा, म्हणजे अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातला मानाचा, सन्मान मिळाला.

आता अडचणीचं. पाला, घेवडा, राजमा, चवळी यांत डुकराचं मांस घालून शिजवायची जुनी रीत आहे. बेकनची चरबी कॉर्नब्रेडच्या तव्यालाही लावतात. हायवेलगतच्या एका ठिकाणी मी ‘यात मांस आहे का?’ विचारलं, ‘नाही’ असं उत्तर आलं आणि दुसऱ्याच चमच्याला हॅमचा धागा निघाला. वाढणारी खोटं बोलत नव्हती, तिच्या लेखी हॅम ही फोडणी होती. त्यामुळे प्रश्न असा करा: ‘हे कशात शिजवलंय? पोर्क, बेकन, चरबी, स्टॉक?’ असं विचारलं की लोक आत जाऊन चौकशी करून येतात. हल्ली काही ठिकाणी पोर्कऐवजी स्मोक्ड टर्की घालतात. पोर्क न खाणाऱ्या मांसाहारी लोकांची त्याने सोय होते, शाकाहाऱ्यांची नाही.

रोज खाल्लं तर तेल आणि मीठ जड होतं, हेही खरं. पहिल्या काही आठवड्यांनंतर मी तळलेला एकच पदार्थ घ्यायला लागलो. ‘स्वीट टी’ हा गार चहा पाकासारखा गोड असतो, अर्धा गोड आणि अर्धा बिनसाखरेचा मिसळून मागितला तर चालतो. घेवडा टिनच्या डब्यातला दिसला तर सोडून द्या. हॉट चिकन, म्हणजे तिखट मसाला लावलेलं तळलेलं चिकन, ही नॅशव्हिलची शान, पण त्याचं तिखट निव्वळ झणझणीत असतं. आपल्याकडच्या तिखटात जो वास असतो तो मला त्यात मिळाला नाही, त्यामुळे दोनदा खाऊन मी थांबलो.

सकाळी ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या, लोणी आणि मिरपूड घालून घ्या. जॉर्जियात उतरलात तर रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाने त्या बघून गाडी थांबवली नाही तरच नवल.

मला ताट साधारण १२ ते १६ डॉलरला पडतं, त्यावर नऊ-दहा टक्के कर. टेबलावर वाढणारं कुणी असेल तर टिप १८ ते २० टक्के धरा. बऱ्याच जागा दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात आणि काही शनिवार-रविवारी उघडतच नाहीत, म्हणून निघण्याआधी फोन करा. रविवारी उघड्या असतात तिथे चर्च सुटल्यावर मोठी रांग लागते. साडेअकराच्या आत पोचलात तर भेंडी गरम मिळेल.