राजेंद्र नगरातलं जुनं घर : एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

गेल्या दिवाळीनंतर आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरात सत्तरच्या दशकातलं बैठं घर घेतलं. आता उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढून झालाय, म्हणून लिहितोय. घर आवडलंय आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हेच घेईन. पण जुनं घर बघायचं तर एकदा मेमध्ये बघा आणि एकदा जुलैत. थंडीत, नुकत्याच मारलेल्या डिस्टेंपरवर, काही म्हणता काही कळत नाही.

खरा विषय मातीचा. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. रुरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे खोल जाणाऱ्या आणि तळाशी फुगीर खांबांचा, पाया विकसित केला खरा, पण त्या काळच्या साध्या घरांना उथळ दगडी पायाच असायचा. फेब्रुवारीपर्यंत आमच्या भिंती स्वच्छ होत्या. एप्रिल सरताना स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आणि मेमध्ये तिच्यात नाणं सहज जायला लागलं. मिस्त्री म्हणाला, "साब, सीमेंट भर देते हैं." भरू दिलं नाही. उन्हाळ्यात फाकलेल्या भेगेत सिमेंट ठासलं, तर पावसात माती फुगून भिंत मिटायला लागते तेव्हा तिला जागाच उरत नाही. मग शेजारी नवी भेग पडते.

पण त्याच कोपऱ्यात का? उत्तर अंगणातल्या हौदात निघालं. नर्मदेचं पाणी सत्तर-एक किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून येतं, आमच्याकडे ते एक दिवसाआड मिळतं, त्यामुळे हौदाशिवाय भागत नाही. आमचा हौद त्या कोपऱ्याला अगदी लागून. रात्री नळ आणि मोटर दोन्ही बंद करून पाण्याच्या पातळीला खूण केली, तर सकाळी पाणी चार बोटं खाली. म्हणजे हौदाजवळची माती बारा महिने भिजून फुगलेली, पलीकडची उन्हात आकसलेली, आणि भिंत मधल्यामध्ये ताणलेली. हौदाला आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन कोबा केला, छताचे पन्हाळे पायापासून लांब सोडले. भेगेवर काचेची पट्टी चिकटवलीय. भिंत अजून हलत असेल तर ती तडकेल. पावसाळाभर शाबूत राहिली, पण पुढचा मे जाईपर्यंत मी भेग कायमची भरणार नाही.

बाथरूमच्या छताला नवी पीओपी दिसली तर जरा थांबा, एखादी काठी मागून घ्या आणि ठोकून बघा. आमच्याकडे आवाज पोकळ आला. वर गंजलेल्या सळ्या होत्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. गंज खरवडून, सळ्यांना कोटिंग देऊन, पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती केली. त्यातल्या दोन सळ्या इतक्या झिजल्या होत्या की जोडीला नव्या टाकाव्या लागल्या. हा खर्च व्यवहाराआधीच दाखवून किमतीतून वळता केला. मालक जरा रुसले, पण मानले.

वायरिंगची गंमत वेगळीच. चिनी मातीचे फ्यूज काढून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला, तर दिवा लावला की तो पडायचा. इलेक्ट्रिशियनने सुचवलं, हेच काढून टाका, बाकी सगळं ठीक चालतंय! गळती गीझरच्या जुन्या लाइनमध्ये होती, आणि अर्थिंगची तार नावालाच लोंबत होती. अख्खं वायरिंग बदललं. याबाबतीत काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळवीसाठी चौकटी टोचून बघा, एवढंच. आमच्या सागवानी निघाल्या आणि धड निघाल्या.

राहिलीय ती नळाची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, लाइन. आतून गंजून पाइप निम्मा बुजलाय, वरची टाकी भरलेली असली तरी शॉवरला धार नाही. ती काढायची तर मोझॅकची फरशी फोडावी लागेल, आणि तशी फरशी जुळवून मिळणं आता कठीण. म्हणून जुनी लाइन जमिनीतच सोडून सीपीव्हीसीची (प्लास्टिकच्या पाइपची) नवी लाइन मागच्या भिंतीवरून उघडी नेणार आहोत. उन्हाने ती ठिसूळ होते, तेव्हा वरून रंग मारावा लागेल. तो कुठला, यावर घरात एकमत व्हायचंय.