थ्रीडी स्लायसर: अपारदर्शकतेची वक्ररेषा आखताना

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात ट्रान्सफर फंक्शन (स्कॅनमधील मूल्यांचे रंग व अपारदर्शकतेत रूपांतर करणारा नियम) शिकवण्यासाठी मी थ्रीडी स्लायसर ही वैद्यकीय स्कॅन त्रिमितीत दाखवणारी मोफत, मुक्तस्रोत प्रणाली सत्रभर वापरली. स्कॅनमधील प्रत्येक मूल्याला रंग आणि अपारदर्शकता देणारी ही वक्ररेषा येथे माउसने बिंदू ओढून आखता येते व चित्र लगेच बदलते. सीटी स्कॅनमध्ये हवा उणे १०००, पाणी ० आणि हाडे काहीशे हाउन्सफिल्ड एककांवर (क्ष-किरण किती अडतात याचे माप) असतात. त्यामुळे बोंडातला कापूस पारदर्शक करून आतली सरकी दाखवावी, तशी स्नायूंच्या मूल्यांची अपारदर्शकता खाली ओढताच हाडे उघडी होतात, हे विद्यार्थ्यांना चटकन उमगले. नवख्याने प्रीसेट म्हणजे आधीच आखलेली वक्ररेषा निवडून, ‘शिफ्ट’ नावाच्या सरकपट्टीने संपूर्ण वक्ररेषा सरकवत सुरुवात करावी.

मला सर्वाधिक मोलाची वाटली ती ग्रेडियंटची, म्हणजे मूल्य किती वेगाने बदलते याची, स्वतंत्र वक्ररेषा. मूल्य जिथे झपाट्याने बदलते, ती सीमा तिच्यामुळे ठळक होते आणि एकजिनसी भाग विरळ होत जातो. संगणक-चित्रणाचे संशोधक मार्क लेव्हॉय यांनी १९८८ मध्ये मांडलेला हा विचार आजही तितकाच उपयुक्त आहे.

मात्र कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसण्यासाठी टोचलेले द्रव्य) दिलेल्या रक्तवाहिन्या आणि हाडे यांची मूल्ये एकमेकांत मिसळतात, म्हणून केवळ वक्ररेषेने ती वेगळी होत नाहीत. त्यासाठी आधी सेगमेंटेशन, म्हणजे प्रत्येक अवयवाचा भाग वेगळा आखून घेणे, करावे लागते. एमआरआयच्या मूल्यांना ठरावीक एकक नसल्याने तेथे आखणी दरवेळी नव्याने जुळवावी लागते.

आमच्या संगणकांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. सीपीयूवरील (मुख्य प्रोसेसरवरील) रे कास्टिंग, म्हणजे स्कॅनमधून किरण सोडून चित्र काढण्याची पद्धत, निवडून काम भागले, तरी चित्र फिरवताना थांबावे लागले.